तुलनेच्या गटाला काय मिळालं?

हेरॉइनच्या व्यसनावर ओपीडीत उपचार करताना नुसतं औषध पुरतं, की समुपदेशनही लागतं?

1965 साली न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वँडर यांनी मेथाडोनवरचा गाजलेला निबंध छापला. रुग्ण 22, तुलनेचा गट नाही. औषधासोबत नोकरी-शिक्षणासाठी मदतही होती. मग श्रेय कशाला द्यायचं?

1993 मध्ये फिलाडेल्फियात मॅक्लेलन यांनी 92 माजी सैनिकांचे तीन गट केले. मेथाडोन सगळ्यांना. नुसत्या औषधावरच्या 69 टक्के रुग्णांना अभ्यासातून हलवायची वेळ आली. नियमित समुपदेशन मिळालेल्यांत 41, जादा सेवा मिळालेल्यांत 19 टक्के.

विषय संपला? नाही. 2013 मध्ये येलच्या फीलिन यांनी 141 रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन दिलं. सोबत वर्तनोपचार जोडून जादा फायदा दिसला नाही.

माझ्या पहिल्या मसुद्यात मी या दोन निबंधांना ‘परस्परविरोधी’ म्हटलं होतं. गाईडनी समासात एवढंच लिहिलं: तुलनेच्या गटाला काय मिळालं? पुन्हा वाचलं. औषध वेगळं होतंच. शिवाय 2013 मध्ये त्या गटालाही डॉक्टर नियमित भेटत होते. 1993 मध्ये तसं जवळपास काहीच नव्हतं.

म्हणून निष्कर्षाआधी पद्धत वाचा. आपल्या एका घाईच्या वाक्याने कुणाचं औषध अडू शकतं, नाहीतर समुपदेशकाचं पद जाऊ शकतं.