मठातील एल आणि कृतीची निवड

तयार मॉल्ट-अर्क न वापरता थेट धान्यापासून घरी एल बनविण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. या वाटेवर प्रथमच पाऊल टाकणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो कृतीच्या निवडीचा. हाताशी कृती शेकडो. मग आरंभ कोणत्या कृतीने करावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मठांच्या इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत मठवासीयांसाठी दिवसाला एक हेमिना द्राक्षारसाचे माप ठरवून दिले, आणि तेही काहीशा संकोचाने. परंतु उत्तरेकडील थंड प्रदेशात द्राक्षे दुर्मिळ. म्हणून ८१६ साली आखेन येथील सभेने ठरविले की, जेथे द्राक्षारस नसेल तेथे दुप्पट मापाने चांगली बिअर द्यावी. यातील ‘चांगली’ हा शब्द लक्षणीय आहे. पेय साधे असले, तरी ते हलगर्जीपणे केलेले चालणार नव्हते.

नवव्या शतकाच्या पूर्वार्धात रेखाटलेला संत गॉलच्या मठाचा आराखडा आजही स्वित्झर्लंडमध्ये जतन केलेला आहे. त्यात बिअर बनविण्याच्या तीन जागा दाखविल्या आहेत : एक मठवासीयांसाठी, एक प्रतिष्ठित पाहुण्यांसाठी आणि एक यात्रेकरू व गोरगरिबांसाठी. प्रत्येकीला लागूनच भाकरी भाजण्याची जागा आहे. धान्य एकच, त्यातून अन्नही आणि पेयही. समाजातील पायऱ्या मठाच्या भिंतीआडही शिल्लक होत्या, हे त्यातून दिसते. परंतु आराखड्यात गरिबाचा वाटा विसरला गेला नव्हता, हेही दिसते.

त्या काळी एलमध्ये रानटी वनस्पतींचे ‘ग्रूट’ नावाचे मिश्रण घालीत. ते विकण्याचा हक्क अनेक ठिकाणी सरंजामदारांकडे वा बिशपांकडे असे. म्हणजे कृतीत चवीबरोबर महसूलही मिसळलेला होता! कॉर्बीचे मठाधिपती आदलहार्ड यांच्या ८२२ सालच्या नियमांत हॉप्स या वेलीचा उल्लेख येतो. बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड यांनी लिहून ठेवले की, हॉप्सच्या कडूपणामुळे पेय नासत नाही; मात्र त्यामुळे मन उदास होते, असेही त्यांनी बजावले. हळूहळू हॉप्सने ग्रूटला मागे सारले.

१५१६ साली बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी फर्मान काढले की, बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांव्यतिरिक्त काहीही घालू नये. त्यात यीस्टचा उल्लेख नाही. यीस्टचे कार्य तेव्हा कोणालाच उमगले नव्हते. पंधराव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्या फेसाला ‘देवाची कृपा’ अशा अर्थाचे नाव होते. यीस्टच्या सजीव कार्याचा उलगडा करणारा लुई पाश्चर यांचा बिअरविषयक ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला.

घरगुती बिअरला कायद्याचीही अडचण होती. ब्रिटनमध्ये १८८० साली तिच्यासाठी परवाना सक्तीचा झाला. तो १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत अशीच मोकळीक देणाऱ्या कायद्यावर १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली.

तेव्हा पहिली कृती कोणती? इतिहासाचा कौल साधेपणाच्या बाजूने आहे. वीस लिटर एलसाठी सुमारे साडेचार किलो फिकट मॉल्ट, एकाच जातीचे हॉप्स आणि एक विश्वासू यीस्ट एवढे पुरे. दळलेले मॉल्ट सुमारे ६६ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातील पिठूळ भागाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्ससह तासभर उकळावा, निववावा आणि १८ ते २० अंशांवर यीस्टच्या हवाली करावा. घटक मोजकेच असले की चवीतला दोष कोठून आला ते शोधता येते. दहा प्रकारची मॉल्टे एकत्र केली, तर चूक त्या गर्दीत लपते आणि शिकणारा काहीच शिकत नाही.

मठांतील कृती अमर्याद निवडीतून निर्माण झाल्या नाहीत. शेतात जे पिकले, नियमाने जे माप दिले, त्याच मर्यादेत मठवासीयांनी पेय ‘चांगले’ करण्याचा प्रयत्न केला. नवशिक्याने त्यांच्याकडून घ्यावे ते हेच : थोडे घ्यावे, आणि घेतलेले नीट करावे.