औषध

आमच्या वाशीमकडे पऱ्हाटीवर मारायच्या विषाला ‘औषध’ म्हणतात. मी लहान असताना आमचे गाव अकोला जिल्ह्यात होते; वाशीम वेगळा झाला 1998 साली. आमचे सालदार मामा पाठीवर पंप चढवून अनवाणी वावरात शिरत आणि संध्याकाळी ओसरीवर टेकून आईला म्हणत, “बाई, डोयापुढं धुकं आल्यावानी वाटते.” आई त्यांना लिंबूसाखरेचे पाणी देई. ऊन लागले असावे, अशी आम्हा सर्वांची समजूत.

ते ऊन नव्हते. फॉस्फरसयुक्त औषध पोटातूनच जाते असे नाही. ओल्या सदऱ्यातून, कातडीतून, श्वासातूनही ते अंगात भिनते. आपल्या रक्तात कोलिनेस्टरेज नावाचे एक द्रव्य असते. ते मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो पुसून टाकते. औषध नेमके त्यालाच निकामी करते. मग बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, घाम फुटतो, छाती भरते. हे द्रव्य रक्तात किती उरले हे मोजले, तर माणसाने किती विष झेलले याचा अंदाज येतो. अडचण एवढीच की प्रत्येकाचे मूळ प्रमाण निराळे. म्हणून हंगामापूर्वीच एकदा रक्त तपासून ठेवावे लागते. पुढचा आकडा पडताळायचा तो त्याच्याशी.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभरावर माणसे गेली. चौकशी झाली, 1968 साली कीटकनाशक कायदा झाला आणि 1971 साली त्याचे नियम आले. फॉस्फरसची औषधे बनवणाऱ्या कारखान्यात ज्याचे काम, त्याचे कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे, असे त्या नियमांत चक्क लिहिले आहे! पण कारखान्याला हजेरीपट असतो. आज माझ्या वावरात आणि उद्या दुसऱ्याच्या, अशा रोजंदारीच्या माणसाची नोंद कोणी ठेवायची?

मानोऱ्यावरून पुढे दिग्रस लागते. तो यवतमाळ जिल्हा. 2017 च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. पऱ्हाटी त्या साली डोक्याला लागली होती. फवारा वर मारायचा आणि त्याचे तुषार तोंडावर घ्यायचे. सरकारने तपास पथक नेमले. पण या रक्तचाचणीची सोय तेव्हा यवतमाळात नव्हती, आणि असती तरी हंगामापूर्वीचा आकडा कोणापाशी होता?

मामांचाही नव्हता. पुढे दोन-तीन हंगामांनी ते फवारणीला नाही म्हणू लागले. आम्ही त्यांना आळशी म्हटले, आणि दुसरा माणूस लावला.