खोटं बोलणाऱ्या ‘मी’चा भरवसा

1963 साली बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आलं. तोवर आपला माणूस कथेत यायचा तो बहुतेकदा ‘तो’ होऊन. अण्णाभाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’मधला भीमा बघा. खाण बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत सोनं हुडकणारा. अण्णाभाऊ बाजूला राहून दाखवतात. आपण मानतो, सांगणाऱ्याला लपवायचं काहीच नसतं.

बागुलांचा ‘मी’ उलटा. रेल्वेत नोकरीला जातो, खोलीसाठी जात दडवतो. कथेतल्या माणसांशी खोटं, खरं फक्त वाचकाशी. अन् भरवसा ह्याच खोटं बोलणाऱ्याचा वाटतो! कारण चोरी त्यानं कथेच्या नावातच कबूल केलीय. ‘तो’ असता तर वाचक घरमालकाच्या ओट्यावर बसून त्याचं सोंग बघत राहिला असता. ‘मी’नं त्याला खोलीत आत घेतलं, दाराबाहेरची पावलं ऐकायला लावली.

साहित्यातले शहाणे मात्र विचारतात, हे लेखकावर खरंच गुदरलं का? दाखला मागतात, दाखला! गेवराईच्या जिनिंगात चहाच्या सुट्टीत मी ही कथा मोठ्यानं वाचली. खरं का खोटं, कुणी पुसलं नाही. सरकीच्या ढिगावरून एक जण एवढंच म्हणाला, “मग भाडं माघारी दिलं का रं त्याचं?”