वंक्षण अंतर्गळाची शस्त्रक्रिया व पुरुषाची जननक्षमता

जांघेतील अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेचा जननक्षमतेशी संबंध येतो तो शरीररचनेमुळे. कारण सुमारे ४ सेंटिमीटर लांबीच्या ज्या वंक्षण नालातून बहुधा आतडे खाली उतरते, त्यातूनच वृषणाची रोहिणी, नीलांचे जाळे व रेतोवाहिनी यांनी बनलेली वृषणरज्जूही जाते, आणि तिच्यापासून अंतर्गळाची पिशवी सोडवल्यावाचून शल्यकाचे काम पुढे सरकत नाही. चिमटीत चाबकाच्या दोरीसारखी टणक लागणारी रेतोवाहिनी प्रौढांत सहसा ओळखू येते. अर्भकांत मात्र ती इतकी बारीक व पिशवीच्या पातळ पडद्याला इतकी बिलगलेली असते की, चिमट्याखाली चेंगरली तरी ती इजा तत्काळ ध्यानात येत नाही, आणि तिचा उलगडा होतो तो पुष्कळदा त्या मुलाचे लग्न होऊन अपत्याअभावी तपासणी झाल्यावरच. नीलांत रक्त गोठून वृषण सुजणे व क्वचित पुढे सुकणे, हा दुसरा धोका.

बास्सीनी या इटालियन शल्यकाची केवळ टाक्यांची पद्धत मागे पडून पॉलिप्रॉपिलीनची जाळी रूढ झाल्यावर, तिच्याभोवती वाढणाऱ्या तंतुमय ऊतकाने रेतोवाहिनी आवळली जाते अशी शंका निघाली, व २००५ साली अमेरिकेत अशा १४ रुग्णांचा तपशील प्रसिद्धही झाला. तथापि स्वीडन व डेन्मार्क येथील राष्ट्रीय दप्तरांवरून झालेल्या विस्तृत पाहण्यांचा कौल सामान्यतः दिलासा देणारा असल्याने ही भीती सरसकट बाळगण्याजोगी नाही. एका बाजूस इजा झाली तरी दुसरे निरोगी वृषण बहुधा पुरते. दोन्ही वाहिन्या अडल्यास सूक्ष्मदर्शकाखाली त्या पुन्हा जोडता येतात, पण मधला भाग नष्ट झाला असेल तर हा इलाज बिकट होतो व वृषणातून शुक्राणू काढून कृत्रिम फलन करावे लागते.