छतावरचे आकाश

देवगाव रंगारी या गावाच्या नावातच रंग आहे. रंगारी म्हणजे वस्त्राला रंग देणारा कारागीर. कन्नड तालुक्यातील या गावापासून वेरूळची लेणी फारशी दूर नाहीत. आणि तेथील कैलास लेण्याला परिसरातील लोक ‘रंगमहाल’ म्हणत आले आहेत. आज उघड्या पाषाणाचे दिसणारे हे मंदिर एके काळी गिलाव्याने व रंगांनी मढविलेले होते, याची ही नावात उरलेली साक्ष होय. आपण वेरूळला जातो, शिल्पे पाहतो आणि परततो. मान वर करून छताकडे पाहणारे आपल्यात थोडेच.

कैलासाचे काम राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, इसवी सनाच्या 8व्या शतकात झाले. त्याच्या मंडपाच्या छतावर चित्रांचे एकावर एक थर सापडतात. म्हणजे मागाहून आलेल्या पिढ्यांनी जुने आकाश झाकून आपले नवे आकाश रंगविले. पुढच्या शतकातील इंद्रसभा या जैन लेण्यातही (क्रमांक 32) छतावर ढगांमधून तरंगणाऱ्या आकृती आहेत. धुराने, ओलाव्याने व वटवाघळांनी त्यातले पुष्कळ नासले. तरी उरले आहे ते थक्क करणारे आहे.

आकाशाला आकार नाही. मग ते रंगवावे कसे? आमच्या मुलखातील चित्रकारांनी ढगांची वळणे काढली आणि त्यांतून विहरणारे जीव दाखविले. अजिंठ्याच्या 17व्या लेण्यात, 5व्या शतकात, इंद्र आणि अप्सरा अशाच मेघांमधून येतात. अजिंठ्यातील निळा रंग ज्या राजावर्त दगडापासून होई, तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. इटलीतील पादुआ येथे जोत्तोने 1305च्या सुमारास एक प्रार्थनामंदिर रंगविले. त्याने दुसरी वाट धरली: सारे छत गडद निळे आणि त्यावर सोनेरी तारे. रोमच्या सिस्टाईन प्रार्थनामंदिराचे छतही, मायकेल अँजेलोने 1508 साली काम हाती घेण्यापूर्वी, असेच निळे व ताऱ्यांनी भरलेले होते.

परंतु स्वर्ग रंगविण्याचा मनुष्याला अधिकार आहे काय? हा प्रश्न ख्रिस्तसभेला फार महागात पडला आहे. ज्या काळात कैलासाचा डोंगर वरून खाली कोरला जात होता, त्याच काळात कॉन्स्टँटिनोपलमध्ये पवित्र चित्रे फोडली व पुसली जात होती. 754 सालच्या हिएरिया येथील सभेने चित्रांचा निषेध केला. अखेर 787 साली निकेयाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने निर्णय दिला: आराधना केवळ परमेश्वराची, चित्राला दिलेला मान मात्र ज्याचे ते चित्र आहे त्याच्याकडे पोहोचतो. तो निर्णय झाला नसता, तर पादुआचे ते निळे छत आज पाहावयास मिळाले असते की नाही, कोण जाणे!

या निर्णयाच्या प्रकाशात छताकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. रंगविलेले आकाश हे आकाश नव्हे, हे चित्रकाराइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. रंग डोळ्यांवर ओघळत असताना, मान अवघडलेली असताना तो हात वर करून काम करतो. आणि हाती लागते ती बोटभर जाडीच्या गिलाव्यावरची एक खूण. लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे, की आकाश व तारे न्याहाळण्यातच त्यांना सर्वांत मोठे समाधान लाभे. चित्रकार हेच न्याहाळणे हाताने करतो.

वेरूळचे चित्रकार आपल्या धर्माचे नव्हते आणि त्यांची श्रद्धा आपली नव्हे. तथापि, मातीच्या रंगांनी वरचे काही सांगू पाहण्याची त्यांची धडपड आपल्याला परकी वाटू नये. आपल्या गावोगावच्या चर्चमध्ये नवे छत घालण्याची वेळ येते, तेव्हा आपण पत्रा, सिमेंट आणि खर्च यांचाच हिशोब मांडतो. तो मांडावाच लागतो. पण प्रार्थनेला आलेल्या लेकराने वर पाहिले, तर त्याला काय दिसावे, हाही प्रश्न त्या हिशोबाच्या वहीत एका ओळीपुरता तरी असावा, असे आम्हांस वाटते.