कालबाह्य संगणक प्रणाली आणि आधार थांबविण्याचा निर्णय : विंडोज एक्सपीचा ऐतिहासिक आढावा

२५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपी या प्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला. तथापि, अनेकांचे संगणक त्याच प्रणालीवर चालू राहिले. त्यामुळे आपण केव्हा थांबावे, हा प्रश्न इतर सॉफ्टवेअर-निर्मात्यांपुढे उभा राहिला.

गुगलने मुदत टप्प्याटप्प्याने वाढवीत एप्रिल २०१६ मध्ये क्रोम ब्राउझरचा आधार बंद केला. मोझिलाने मार्च २०१७ मधील फायरफॉक्स ५२ ही एक्सपीसाठीची अखेरची आवृत्ती ठरविली. मात्र तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१८ पर्यंत पुरविल्या. मे २०१७ मधील वॉनाक्राय हल्ल्याच्या वेळी तर खुद्द मायक्रोसॉफ्टलाही एक्सपीसाठी तातडीची दुरुस्ती खुली करावी लागली.

यावरून असे दिसते की, वापरकर्त्यांची घटती संख्या हा एकमेव निकष पुरेसा नाही. पायाच असुरक्षित झाल्यावर त्यावरील सॉफ्टवेअर सुरक्षिततेचा केवळ आभास निर्माण करते. उलटपक्षी, आधार अचानक काढून घेतल्यास त्याचा भार नवा संगणक घेऊ न शकणाऱ्यांवरच पडतो. म्हणून पुरेशी पूर्वसूचना, निश्चित मुदत आणि त्या मुदतीपर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या हाच न्याय्य मार्ग होय, असे म्हणता येईल.