मोटेच्या कातड्यापासून जीपच्या ऑइल सीलपर्यंत: एका गळतीचा इतिहास



आज पिकाची नोंद नाही, गाडीची आहे. गेल्या पावसाळ्यात टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरत होतो. धुकं होतं, रस्ता ओला. ब्रेक दाबला आणि आमच्या जुन्या फोर-व्हील जीपनं एकदम उजवीकडं ओढ घेतली. वेग कमी होता म्हणून निभावलं. घरी येऊन मागचं डावं चाक काढलं, तर ड्रममध्ये ऑइल. ब्रेक ऑइल नव्हे. गंधकासारखा वास येणारं, घट्ट, नव्वद नंबरचं. म्हणजे डिफरन्शियलचं.

चूक माझीच. सहा महिने गाडीखाली थेंब पडत होते. पिनियनचं सील दोनदा बदलून घेतलं, तरी गळती थांबली नाही. मग "जुनी गाडी म्हटल्यावर गळणारच" असं म्हणून सोडून दिलं. अण्णांनी घेतलेली गाडी विकायचीसुद्धा ठरत आली होती. त्या निमित्तानं हे डिफरन्शियल आलं कुठून आणि गळतं का, ते मुळापासून बघितलं. ते इथं मांडतो.

सुरुवात बैलगाडीपासून करू. आपल्या बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. कारण आस जागेवर राहतो आणि दोन्ही चाकं आपापली सुटी फिरतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. सुटी असल्यामुळं ती आपलं आपण जुळवून घेतात. ओढायचं काम बैल करतात, चाकाला जोर लावावा लागत नाही.

इंजिन आलं आणि अडचण झाली. आता जोर चाकालाच द्यायचा. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर वळताना एक चाक घासत जाणार. यावर फ्रान्समधले घड्याळजी ओनेसिफोर पेकर यांनी 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं. मधे छोटे दाते असे बसवले, की जोर दोन्हीकडं जातो, पण दोन्ही चाकांचा वेग वेगळा राहू शकतो. आज आपल्या ट्रॅक्टरमध्ये, टेम्पोत, जीपमध्ये तीच कल्पना आहे. तिचा तोटाही आपल्याला माहीत आहे. एक चाक चिखलात गरागरा फिरतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं.

या दात्यांना तेलात बुडवून ठेवावं लागतं. बैलगाडीच्या काळी तेल सांडलं तरी कुणाला काही वाटत नव्हतं. आजोबा एरंडेलात पेंढ्याची राख कालवून वंगण करायचे, नळकांड्यात भरून गाडीला टांगायचे. ते गळायचं आणि ते परत घालायचे. मोटारीत तसं चालत नाही. फिरणारा दांडा पेटीतून बाहेर येतो, तिथं तेल अडवायचं कसं, हा मोठा प्रश्न झाला.

त्याचं पहिलं चांगलं उत्तर म्हणजे कातडं. हे वाचून मला नवल वाटलं नाही. मोट कातड्याचीच होती, हातपंपाचं वायसरही चामड्याचंच. तेल प्यायलेलं कातडं मऊ राहतं आणि दांड्याला धरून बसतं. अमेरिकेत शिकागो रॉहाइड नावाची कंपनी 1878 पासून कातड्याचे पट्टे करायची, पुढं ती मोटारीची ऑइल सील करू लागली. नावातलं 'रॉहाइड' म्हणजे कच्चं कातडं. जर्मनीत वाइनहाइम गावची फ्रॉइडेनबर्ग ही 1849 ची कातडं कमावणारी कंपनी. 1929 च्या मंदीत तिचा धंदा बसला, तेव्हा ती चामड्याच्या सीलकडं वळली. वाल्टर सिमर या तिच्या इंजिनिअरच्या नावानं 'सिमररिंग' निघालं. पुढं चामड्याची जागा कृत्रिम रबरानं घेतली. आज दुकानात जे काळं सील मिळतं, ते असं कातडं कमावणाऱ्यांच्या हातून आलेलं आहे.

याच सुमारास दातेही बदलले. 1925 च्या आसपास अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीनं हायपॉइड दाते आणले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसतं. गाडी बुटकी करता आली, दाते मजबूत झाले, पण ते एकमेकांवर घसरत चालतात. साधं तेल तिथं टिकत नाही, म्हणून गंधक घातलेलं विशेष गिअर ऑइल आलं. ड्रममध्ये जो वास आला तो त्याचाच.

मग जीप आली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये विलीजनं सीजे-2ए काढली, ती शेतकऱ्यासाठी म्हणूनच. मागं ओढायला ड्रॉबार, हवं तर पीटीओ. नांगरायलाही चालेल असं सांगून विकली. आपल्याकडं महिंद्रांनी 1947 मध्ये मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्यामुळं जीप आपल्या शेतात आली हा काही योगायोग नाही. ती शेतात यावी असंच बनवणाऱ्यांच्या मनात होतं.

आता मूळ मुद्दा. आमच्या गाडीचं सील तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा ओळखीचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "दादा, सील नंतर बघू. आधी हिचा ब्रीदर दाखवा."

हाऊसिंगच्या वर एक छोटं छिद्र असतं. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते. ती हवा बाहेर निघायला तो ब्रीदर. आमचा काळ्या मातीनं पार लिंपून गेला होता. तापलेली हवा कोंडली की तेलाला ढकलते, आणि ते सगळ्यात कमजोर जागेतून निघतं. पिनियनच्या सीलमधून निघालंच, एक्सलच्या नळीतून चाकाकडंही गेलं. असा कोंडलेला गोळा तापून ओढ्यात उतरला, तर थंड होताना सीलवाटे पाणीसुद्धा ओढून घेतो. ऑइल दुधाळ दिसलं तर हेच झालेलं असतं.

दुसरी गोष्ट. सीलचा ओठ फ्लँजवर ज्या जागी घासतो, तिथं खाच पडली होती. नवं सील त्याच खाचेवर बसवलं की परत गळणार. मिस्त्रींनी तिथं पातळ स्टीलची बाही चढवली. अशा बाह्यांचं नाव स्पीडी-स्लीव्ह, आणि ती त्याच शिकागो रॉहाइडनं आणली. कातड्यापासून निघालेला धागा असा माझ्या गोठ्यापर्यंत आला.

काम करून घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा:

पिनियनचा नट उघडण्याआधी नट, दांडा आणि फ्लँजवर खूण करा. जुन्या जीपमध्ये बेअरिंगचा ताण शिमवर असतो, काही गाड्यांत क्रश स्लीव्हवर. क्रश स्लीव्ह असेल आणि नट जास्त आवळला, तर बेअरिंग गेलं.

काढलेल्या ऑइलमध्ये बारीक चकाकी थोडी चालते. तुकडे आले तर क्राऊन-पिनियन तपासा.

ऑइल गाडी सपाट जागी उभी करून, भरायच्या छिद्राच्या कडेपर्यंतच. जास्त घातलं तरी गळतं.

डिफरन्शियलचं जीएल-5 गिअरबॉक्समध्ये घालू नका. पितळी सिंक्रोनायझरला ते मानवत नाही.

ऑइल प्यायलेलं ब्रेक लायनर धुऊन वापरू नका. बदला.

ब्रीदर आता दर पावसाळ्याआधी साफ करतो. त्याला रबरी नळी लावून वर चेसिसवर नेली आहे. दोन पावसाळी फेऱ्या झाल्या, गाडीखालची फरशी कोरडी आहे. गाडी विकायचा विषय घरात परत निघाला नाही.

आजोबा रोज सकाळी जुंपायच्या आधी आसाला हात लावून बघायचे. मी सहा महिने थेंब बघत राहिलो, पण खाली वाकलो नाही. तुमच्या गाडीखाली डाग असेल तर उद्याच वाका.